कंबरदुखीचं रिहॅब चालू आहे पण फरक नाही? या चुका टाळा

आईची कंबर चार वर्षं दुखत होती. आम्ही ऑर्थोपेडिककडे गेलो, फिजिओकडे गेलो, आणि कोणी सायकॉलॉजिस्टचं नाव काढलं की आई म्हणायची "मला काय वेड लागलंय का". एक डॉक्टर सांगायचे अजिबात वाकू नका, फिजिओ वाकायचेच व्यायाम द्यायचे, मग तिने ऐकायचं कोणाचं? रिहॅब म्हणजे डॉक्टर, फिजिओ आणि सायकॉलॉजिस्ट यांनी टीम म्हणून मिळून माणसाला परत हिंडतं-फिरतं करणं, पण तीन ठिकाणी फाइल काढली म्हणजे टीम होत नाही हो, त्या तिघांनी एकमेकांशी बोलून एकच टार्गेट धरायला हवं. बोलतात का ते, हे पहिल्याच व्हिजिटला विचारा.

सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा नसा आणि मेंदूच जास्त सेन्सिटिव्ह झालेले असतात, जखम भरली तरी दुखत राहतं आणि झोप नसली, टेन्शन असलं की अजून वाढतं.

एमआरआयमध्ये झीज वाचून हालचाल बंद करू नका. 2015 च्या एका अभ्यासात ज्यांची पाठ दुखतच नव्हती अशांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या 37 टक्के लोकांच्या डिस्कमध्येही झीज होती!

पण आमची सगळ्यात महागात पडलेली चूक वेगळीच. बरं वाटलं त्या दिवशी आई माळा, डबे, पडदे सगळं एकदम काढायची आणि मग तीन दिवस आडवी. दहा मिनिटं चालल्यावर दुखायला लागत असेल तर सातच मिनिटं चाला, घड्याळ लावून, चांगल्या दिवशीही सात आणि वाईट दिवशीही जमेल तितकं त्याच्याच जवळपास, आठवडाभर नीट जमलं की एखादं मिनिट वाढवा. टार्गेटसुद्धा "दुखणं शून्य" नको, "नातवाला शाळेत सोडून यायचं" असं धरा.

घरच्यांनो, "तू बस, मी करते" हे प्रेमच आहे, मीही तेच करायचे, पण त्याने माणूस अजून बसतो.

दुखण्यासाठी दिलेल्या ट्रामाडॉल, प्रेगाबालिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधे बधिर झालं किंवा पायातली ताकद गेली तर व्यायाम वगैरे राहू दे, त्याच दिवशी इमर्जन्सीला जा.