जॅक्सनच्या काळातली अमेरिकी टोकन घेताना या चुका टाळा

तांब्याचा जाड तुकडा, १८३७ साल, मधोमध पानांच्या वेढ्यात ठळक ‘वन सेंट’. हे टोकन, म्हणजे खासगी लोकांनी पाडलेली नाण्यासारखी चकती; बरेच नवखे ते सरकारी नाणं समजून घेतात. कडेची अक्षरं वाचा: संरक्षणासाठी लाखो देऊ, पण खंडणीपायी ‘नॉट वन सेंट’! मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांवर सोनं-चांदी देणं थांबवलं, लोकांनी नाणी दडवली आणि सुट्ट्या पैशांची चणचण झाली. टोकन पाडणाऱ्यांनी ती भरून काढली. सेंटसारखं दिसायचं, पण सेंट असल्याचा दावा करायचा नाही, अशी ही चलाखी.

दुसरी चूक चेहरा पाहून पक्ष ठरवण्याची. तिजोरीतून वर आलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पैशाची थैली, भोवती ‘जबाबदारी मी घेतो’. वाटतं, समर्थकांनीच काढलं असणार. उलटवा, मागे गाढव! त्याच्या अंगावर ‘एलएल. डी.’, कारण हार्वर्डने १८३३ मध्ये जॅक्सनला कायद्यातली ही मानद डॉक्टरेट दिली होती. ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची सनद पुढे चालू ठेवण्याच्या विधेयकावर त्याने १८३२ मध्ये चालवलेल्या नकाराधिकाराचाही त्यात टोमणा आहे. जॅक्सननंतरचा राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन याच्या वेळच्या टोकनावर तिजोरी वाहणारं कासव दिसतं, तीही थट्टाच. या टोकनांत विरोधकांचा आवाज मोठा आहे, हे धरूनच संग्रह लावावा.

चिंच, लिंबू, पितळेची पावडर यांपैकी काहीही लावू नका. देवघरातली भांडी उजळतात तसं टोकन उजळलं की जुना तपकिरी थर जातो आणि किंमतही उतरते. प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकट थर दिसला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून पाहा, घासू नका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं तर लगेच फेकून द्या.

भोक दिसलं म्हणून नाक मुरडायचं का? तुकडा १८४० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या हॅरिसनच्या प्रचाराचा, लाकडी झोपडीवाला असेल तर ते बहुधा कपड्यावर अडकवण्यासाठीच पाडलेलं असतं. चलनात फिरलेल्या टोकनाला मात्र भोक म्हणजे नुकसानच.

विक्रेता नुसता क्रमांक सांगत असेल तर कुठल्या यादीतला ते विचारा. लायमन लो आणि रसेल रुलाऊ या दोघांनी या टोकनांच्या याद्या केल्या, त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. अमेरिकी यादवी युद्धातल्या टोकनांना फुल्ड यांच्या यादीतले क्रमांक असतात आणि शेवटचं अक्षर धातू सांगतं: ‘ए’ तांबं, ‘बी’ पितळ. त्यातलं ‘स्पॉट’ऐवजी ‘स्पूट’ छापलेलं टोकन कोणी जगात एकमेव म्हणून विकत असेल तर सरळ पुढे चला, तसे बरेच मिळतात.