जुनी स्कॉर्पिओ घेताय? साल नव्हे, महिना बघा

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘2017 ची आहे’ एवढ्यावर भाव ठरतो. स्कॉर्पिओच्या बाबतीत तेवढं पुरत नाही. नाशिकच्या कारखान्यातून 2002 पासून बाहेर पडणाऱ्या या गाडीत मोठे बदल वर्षाच्या अधेमधेच झालेत: सप्टेंबर 2014, नोव्हेंबर 2017 आणि एप्रिल 2020. त्यामुळे 2017 च्या दोन स्कॉर्पिओ शेजारी उभ्या असल्या, तर एक 120 बीएचपी आणि पाच गिअरची, दुसरी 140 बीएचपी आणि सहा गिअरची असू शकते. दोघींचा भाव एक कसा असेल?

म्हणून पासिंगचं साल बाजूला ठेवा आणि आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. यार्डात सहा-आठ महिने पडून राहिलेली गाडी पुढच्या सालच्या पासिंगने विकली जाते. आरसीशी चासी नंबर ताडून बघा, तोही गाडीवरचा, फोटोतला नव्हे. नंबर एमए1 ने सुरू होतो आणि 17 अक्षरांतलं दहावं अक्षर सालाचं असतं: एफ म्हणजे 2015, जी 2016, एच 2017, जे 2018, के 2019, एल 2020. मधलं आय वापरत नाहीत. मार्च 2020 पासिंगच्या गाडीत तर हे बघाच. 1 एप्रिलपासून बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचा जुना निकष) गाड्यांची नोंदणी बंद होणार होती, त्यामुळे आधीच्या सालचा शिल्लक माल त्या महिन्यात निघाला.

आता सालांचा हिशोब. 2.6 लिटरच्या जुन्या गाड्या सोडूनच द्या, त्यांचं वय झालं. 2.2 एमहॉक इंजिनाची 2014 आधीची गाडी इंजिनाला दणकट आहे, पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2012 ची गाडी 2027 मध्ये पुन्हा पासिंगला न्यावी लागेल; 5,000 रुपये नोंदणी शुल्क, वर पर्यावरण कर, आणि फिटनेसमध्ये निघेल ते काम वेगळं. स्वस्त वाटणाऱ्या किमतीत हे सगळं मिळवून मग बोला.

सप्टेंबर 2014 मध्ये चासीसकट गाडी नवी झाली. कुठल्याही गाडीचा नवा सांगाडा आला की पहिल्या वर्ष-दीड वर्षातल्या बारीकसारीक कुरबुरी कारखाना पुढच्या लॉटमध्ये सुधारत जातो. म्हणून 2014 अखेर आणि 2015 च्या गाडीपेक्षा, किमतीत फार फरक नसेल तर, 2016 नंतरची घ्यावी. 2016 च्या सुरुवातीला दिल्लीत 2000 सीसीवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, तेव्हा 1.99 लिटरचं इंजिन बसवलेल्या गाड्या निघाल्या. तिकडून एनओसी घेऊन आलेली गाडी असेल तर आरसीवरची सीसी बघा. 2.2 चे सगळे पार्ट तिला बसतीलच असं धरून चालू नका, आधी आपल्या मेकॅनिकला विचारा.

आमची पसंती स्पष्ट आहे: नोव्हेंबर 2017 नंतर बनलेली, बीएस-4, एस11 किंवा एस9 व्हेरियंट. 140 बीएचपी, सहा गिअर आणि डीपीएफची, म्हणजे काजळी गाळणाऱ्या जाळीची, कटकट नाही. पुढच्या जाळीत सात उभ्या पट्ट्या दिसल्या की गाडी या बदलानंतरची. याच काळातली एस3 मात्र 2.5 लिटर, 75 बीएचपीची. बाहेरून साधारण तीच, चालवायला वेगळीच. एअरबॅगही तपासाच. 2016 मध्ये गाड्यांची अपघात चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. घरच्यांना बसवायची गाडी असेल तर दोन एअरबॅग नसलेलं व्हेरियंट घेऊच नये.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत सायलेन्सरच्या मार्गात ही डीपीएफची जाळी असते. काजळी जळायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं हायवेच्या वेगाने पळावी लागते. रोज पुण्यात चार किलोमीटर ऑफिस आणि परत, असा वापर झाला असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो, पिकअप जातो. मालकाला वापर विचारा, उत्तर सर्व्हिस रेकॉर्डशी जुळतं का बघा.

साल ठरलं की गाडी बघायला सकाळी जा, आणि ‘गरम करून ठेवू नका’ असं आदल्या दिवशीच सांगा. आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन चालू करा. थोडा पांढरा धूर लगेच विरला तर चिंता नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर दाबल्यावर काळा धूर आणि सुस्ती असेल तर टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा इंजेक्टरपैकी काहीतरी बोलतंय. मग इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण थोडं थरथरलं तर चालतं. उडायला लागलं आणि भोकातून धुराचे लोट आले तर कॉम्प्रेशन खाली गळतंय. तिथेच व्यवहार थांबवा, इंजिनाचं काम लाखाच्या घरात जातं.

रॅम्पवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. एमएच-07 (सिंधुदुर्ग), एमएच-08 (रत्नागिरी) किंवा गोवा पासिंगची गाडी असेल तर खारी हवा चासी खाते. मागच्या चाकामागची चासी आणि बॉडीचे माउंट जिथे बसतात त्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बोदा आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर वरचा ताजा काळा रंग कशासाठी मारलाय ते कळलं. पुढे लोअर आर्मचे बॉल जॉइंट आणि बुश, मागे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, डिफरन्शिअलची ऑइल गळती हेही बघून घ्या. बॉल जॉइंट, बुश, क्रॉस हा खर्च करून सुटणारा भाग आहे, त्यावर भाव पाडता येतो. कुजलेल्या चासीवर मात्र पाडू नये, ती गाडी सोडावी.

किलोमीटर मीटरवर वाचू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. मीटर 35,000 दाखवतोय, गाडी 2018 ची, पण चारही टायर 2022 चे असतील तर पहिले कुठे झिजले हे मालकाने सांगावं. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद मालकालाच काढायला लावा. टाळाटाळ झाली तर मीटर मागे फिरवलाय असं समजून पुढचा भाव बोला.