दोघांचं वजन उतरवायचं तर आधी आग्रह थांबवा

जेवताना नवरा ताटावर हात आडवा धरायचा आणि मी बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची. "एवढी घे, मग झालं." बावीस वर्षं आमच्याकडे हेच चाललं. तळाशी उरलेला भात, अर्धी वाटी भाजी मी ओट्यापाशी उभ्याने संपवायची, कारण अन्न टाकायचं नाही हे आईने मनावर ठसवलेलं. लेक शिकायला बाहेरगावी गेली तरी कणीक तिघांचीच भिजत होती, आणि तिच्या वाटणीचं आम्ही दोघं खात होतो.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आसपास तपासण्या केल्या. त्याचं वजन ९१ किलो, साखर काठावर. माझं ७४, आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर गुडघे कुरकुरायला लागलेले. चौदा महिन्यांनी तो ८१ वर आहे, मी ६६ वर. जिम लावली नाही, डाएटचा डबाही नाही. बदललं ते स्वयंपाकघर आणि वाढण्याची रीत. जे आमच्या घरी लागू पडलं ते सांगते.

सुरुवात शिवणकामाच्या टेपने करा. श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. भारतीय पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटाची चरबी धोक्याची समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहा. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. खाणं घटलं की साखर एकदम खाली जाऊ शकते, गोळीचा डोस बदलावा लागतो.

मग भांडी बदला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण भांडं मोठं असलं की हात आपोआप सैल सुटतो. मी तुळशीबागेत जाऊन तीन वस्तू आणल्या: कुकरचं लहान भांडं, दोघांपुरती कढई आणि ५ मिलीचा मापाचा चमचा. मोठ्या कढईत तेल पसरतं, तळ झाकायलाच चार चमचे जातात. लहान कढईत दोन चमच्यांत मोहरी छान तडतडते. कांदा परतताना कोरडा पडला तर तेलाची धार नको, पाण्याचा हबका मारा. भाजीवर झाकण ठेवून झाकणात पाणी घाला आणि वाफेवर शिजवा. आजी असंच करायची, दुधी-पडवळाला तर पाणीही सुटतं. दाण्याचं कूट मुठीने घालायची सवय असेल तर तिथेही चमचा वापरा. शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबीच असते, त्यामुळे तेल वाचवून कूट ओतलं तर हाती काहीच लागत नाही.

तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. आमची एक लिटरची पिशवी दहा दिवसांत संपायची, म्हणजे महिन्याला तीन लिटर, दोन माणसांत! आता ती वीस दिवस पुरते. ५ मिली तेलात साधारण ४० कॅलरी. हिशेब केला तर रोज माणशी पाच चमचे, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी कमी झाल्या, आणि चवीत फारसा फरक पडला नाही.

आता ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते की अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं. आपल्याकडे भाजी चमचाभर आणि पोळी-भात डोंगराएवढा. आम्ही रविवारी सकाळी मंडईत जातो, दोघंही, आणि आठवड्याची भाजी तोच निवडतो. स्वतः निवडलेली गवार माणूस मुकाट्याने खातो. रोज एक कोशिंबीर, एक पालेभाजी किंवा फळभाजी, आणि मूग-मटकीची उसळ, पिठलं किंवा अंडी यांपैकी काहीतरी. उसळ असली की रात्री दहाला डबे उघडावेसे वाटत नाहीत.

वाढायची पद्धत आम्ही अशी बदलली: भांडी ओट्यावरच राहतात, टेबलावर येत नाहीत. ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं. दुसऱ्यांदा हवं असेल तर उठायचं, तेही दहा मिनिटं थांबून, कारण पोट भरल्याची जाणीव जरा उशिरा होते. "घे ना अजून" हे वाक्य घरात बंद. पहिले काही दिवस मला हे फार जड गेलं. त्याला न वाढणं म्हणजे त्याची काळजी न करणं, असंच वाटायचं. तोच एकदा म्हणाला, "तू समोर बसून गरम गरम जेव, मला तेवढं पुरतं." तेव्हापासून आम्ही एकत्र बसतो, साडेनऊऐवजी पावणेआठला.

चहातली साखर एकदम तोडू नका. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे पस्तीसेक ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं मानते, आणि त्यात मिठाई-बिस्किटंही आली. आम्ही दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. आता अर्ध्या चमच्याचा चहा गोड लागतो.

सणवार, सिंहगड, बाकरवडी सोडायची नाही, नाहीतर महिन्याभरात सगळं मोडतं. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही पोटभर, कांदाभजी दोघांत एक प्लेट. बाकरवडी अर्धा किलोऐवजी शंभर ग्रॅम. चतुर्थीला मात्र साबुदाण्याची खिचडी बंद केली. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर कूट आणि तूप. आता वाटीभर भगर, काकडी आणि ताक.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या महिन्यात त्याचं साडेतीन किलो उतरलं, माझं जेमतेम आठशे ग्रॅम. एकाच ताटातलं एकच जेवण, तरी असं. मी चिडून चार दिवस रात्रीचं जेवणच सोडलं. पित्त झालं, डोकं धरलं, पाचव्या दिवशी भसाभसा खाल्लं. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त असतात, वजनही जास्त, म्हणून नुसतं बसूनही त्यांच्या जास्त कॅलरी खर्च होतात. शिवाय मी इतकी वर्षं त्याच्याइतक्याच पोळ्या खात होते, पाच फूट दोन इंचांची असून. दोघांचं माप वेगळंच हवं. वजन रविवारी सकाळी, एकेकट्याने करा आणि समोरचा सांगेपर्यंत विचारू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी ते उत्तम.

उरलेलं संपवायचा प्रश्न आम्ही मुळातच सोडवला. संध्याकाळी कणीक भिजवायच्या आधी मी बाहेरच्या खोलीत जाऊन विचारते, "आज किती?" जे उत्तर येईल, त्यात स्वतःच्या मिळवून तेवढ्याच पोळ्या लाटते. बहुतेक रात्री चार होतात.