जुन्या घराचा उकाडा आणि वीजबिल कमी खर्चात कसे आटोक्यात आणावे

विदर्भातील खेड्यात जुन्या घराची वीज मुख्यतः उन्हाळ्यात, पंखे आणि कूलर यांवर खर्च होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की दिवसभर तापलेले छत रात्रीही उष्णता खाली सोडत राहते आणि कूलर पहाटेपर्यंत चालू ठेवावा लागतो. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील, तर ते नव्या कूलरवर न घालता आधी छपरावर घालावेत, आणि हे काम होळीच्या सुमारास उरकावे.

स्लॅबचे घर असेल तर चुन्यासारखा स्वस्त उपाय नाही. कळीचा चुना रात्रभर भिजवावा. पाणी ओतताना तो खदखदतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. सकाळी तो कापडातून गाळून त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि फेविकॉल मिसळावे. गच्ची झाडून, भेगा बुजवून, पृष्ठभाग किंचित ओला करून पहिला हात द्यावा व तो वाळल्यावर दुसरा हात आडवा मारावा. उन्हे उतरल्यावरच हे काम करावे, कारण तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकून त्याची पापडी निघते. पावसाळ्यात तो धुपतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा लावावा लागतो.

टिनावर मात्र चुना टिकत नाही. तेथे बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्यावा आणि आतून, टिनापासून वीतभर अंतर सोडून, बांबूचे तट्टे बांधावेत. या पोकळीतली गरम हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना वाट ठेवावी. तट्ट्यांवर तणस (भाताचा पेंढा) किंवा कुटार (भुसा) पसरण्याचा मोह टाळावा. जुन्या वायरिंगची एक ठिणगी किंवा चुलीची झळ त्याला पुरेशी असते. कवेलूचे (कौलारू) घर असेल तर शाकारणीचा खर्च वाचवण्यासाठी कवेलू काढून टिन टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मातीच्या जाड भिंती हे अशा घराचे खरे धन आहे. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की आत ओल अडकते आणि माती भुसभुशीत होते. गिलाव्याला पांढरी माती आणि कुटार वापरावे. काळी माती वाळताना तडकते. पश्चिमेच्या भिंतीसमोर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) किंवा तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) मांडव घातला, तर दुपारनंतरचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. सकाळी नवाच्या आत दारे-खिडक्या लावून घ्याव्यात व रात्री सगळ्या उघडाव्यात.

कूलर चालवताना मात्र समोरची एक खिडकी उघडी हवी, अन्यथा हवा दमट होऊन गारवा जाणवत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारे भूजल असलेल्या भागात, कूलरच्या ताट्यांवर (बाजूच्या गवती पडद्यांवर) क्षार लवकर साचतात, तेव्हा टाकीतले पाणी वरचेवर पूर्ण बदलावे. लोखंडी कूलरला अर्थिंग असल्याशिवाय तो लावूच नये, आणि पाणी भरताना प्लग काढलेला असावा; येथे काटकसर जिवावर बेतते.

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. घरगुती दर १०० युनिटांच्या पुढे चढत असल्याने ही बचत बिलात ठळक दिसते. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. सर्वाधिक चालणारा आधी बदलावा. ६० वॅटचा बल्ब अजून कुठे, विशेषतः गोठ्यात, असेल तर तेथे ९ वॅटचा एलईडी लावावा.

छतावरील सौर पॅनेलचा विचार यानंतर करावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये अनुदान आहे. एक उन्हाळा वापर मोजला, तर दोनऐवजी एका किलोवॅटमध्येही भागेल का, हे बिलावरूनच ठरवता येते.