कुत्र्या-घोड्याच्या हिरड्या फिक्या पडल्यास काय करावे

आखाड्यावरचा कुत्रा दोन दिवस भाकरीला तोंड लावेनासा झाला, की मराठवाड्यात बहुतेक वेळा गोचीडताप समजून सुई दिली जाते. हा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. परंतु गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया किंवा बबेसिया (रक्तपेशींत शिरणाऱ्या जंतूंचे आजार), प्रतिकारशक्तीनेच स्वतःच्या तांबड्या पेशी फोडण्याचा आजार आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग या तिन्हींत जनावर सारखेच मलूल होते, उपचार मात्र निराळे असतात. म्हणून आधी रक्ताचा नमुना आणि मग औषध, हाच क्रम ठेवावा.

ओठ उचलून दिवसाच्या उजेडात हिरड्या पाहाव्यात. अंगठ्याने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग २ सेकंदांच्या आत परतला पाहिजे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा मुळातच काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी ओढून आतली बाजू तपासावी. पांढरटपणा रक्त कमी झाल्याची, पिवळेपणा तांबड्या पेशी फुटत असल्याची किंवा यकृत बिघडल्याची, तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि नाकातून येणारे रक्त प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्याची खूण असू शकते. लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

दरम्यान माणसांच्या पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या मुळीच देऊ नयेत. शिळा रस्साही घालू नये, कारण शिजवलेला कांदासुद्धा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे न दुखणाऱ्या गाठी लागल्या, तर सुईने त्यांतील पेशी काढून तपासल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये, अशी विनंती डॉक्टरांना जरूर करावी. स्टिरॉइडने गाठी काही दिवस ओसरतात, निदान हुकते आणि पुढची केमोथेरपीही कमी लागू पडते. याउलट, प्रतिकारशक्तीच्या आजारात स्टिरॉइडच मुख्य औषध असते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिन्यांत हळूहळू उतरवावे लागते. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारणपणे २८ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी कुत्रा जेवू लागला म्हणून गोळ्या थांबवलेली जनावरे पुन्हा खंगतात, आणि हे पाहताना फार वाईट वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे असते. गोचिडे भिंतींच्या फटींतही राहत असल्याने अंगावरच्या औषधासोबत त्या फटींवरही फवारणी करावी.

घोड्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: नुसते खाणे सुटले तरी त्याच्या डोळ्यांत आणि हिरड्यांत पिवळेपणा येतो, त्यामुळे तेवढ्यावरून तांबड्या पेशी फुटत असल्याचा निष्कर्ष काढू नये. ताप येऊन-जाऊन राहणे, चारा खाऊनही वाळत जाणे, पोटाखाली आणि पायांना सूज येणे, ही सर्रा या रक्तातील परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची लक्षणे होत. तो चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेतून घोडा आणल्यावर त्याला काही दिवस वेगळे बांधून रोज ताप मोजावा. सर्राचे परजीवी रक्तात सतत सापडत नाहीत. म्हणून ताप चढलेला असतानाच नमुना घ्यावा आणि तो निर्दोष आला, तरी पुढच्या तापात पुन्हा द्यावा.