आफ्रिकेतल्या गस्तीला देणगी: ड्रोन राहू द्या, डिझेल द्या

सवानातल्या हत्ती-गेंड्यांसाठी पैसे द्यायचे म्हटले की बहुतेकांना डोळ्यांना दिसेल अशी वस्तू द्यावीशी वाटते. म्हणून ड्रोनला आणि जीपला देणगीदार मिळतो. जीपच्या डिझेलला, टायरला, रेंजरच्या पगाराला मिळत नाही. पगार थकला की गस्त ढिली पडते, आणि त्याची खबर शिकाऱ्यांना लागतेच. सिंहांचे संरक्षित क्षेत्र नीट राखायला दर चौरस किलोमीटरला वर्षाला १,००० ते २,००० डॉलर लागतात, असा हिशेब २०१८च्या एका अभ्यासाने मांडला. म्हणजे १०० चौरस किलोमीटरला किमान एक लाख डॉलर, तेही दरवर्षी. तेव्हा देणगीवर ‘चालू खर्चासाठी’ असे स्पष्ट लिहा. एकरकमी देण्यापेक्षा तीच रक्कम तीन वर्षांत विभागून द्या.

आधी संस्थेला प्रश्न विचारा. ‘शिकाऱ्यांनी लावलेले इतके हजार फासे काढले’ हा आकडा एकटा फसवा असतो, कारण गस्त वाढली की तारेचे फासेही जास्त सापडतात. पायी गस्तीच्या दर किलोमीटरमागे किती सापडले आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरते आहे का, हे विचारा. ‘स्मार्ट’ किंवा ‘अर्थरेंजर’ या संगणक प्रणालींवर गस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्यांना हे सांगणे जड नाही. किती खटले शिक्षेपर्यंत गेले? रेंजरचा विमा आहे का? गेंडे नेमके कुठे आहेत, हे मात्र विचारू नका. जी संस्था ते सांगेल तिला पैसे देऊ नका.

काही वाटा गावाकडे जायला हवा. सिंहाने गाय मारली की चिडलेला गुराखी मढ्यात कीटकनाशक घालतो. सिंहाबरोबर तरस आणि गिधाडेही मरतात. म्हणून केनियात अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिग लाइफ फाउंडेशन ही संस्था भरपाई देते. भरपाईचे नियम मागवून घ्या आणि वाचा. पंचनामा न करता पूर्ण किंमत हाती पडली, तर गोठ्याचे काटेरी कुंपण दुरुस्त करायला कोण बसेल?

भारतातून पैसे रिझर्व्ह बँकेच्या ‘उदारीकृत प्रेषण योजने’खाली (एलआरएस, व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची सोय) जातात: पॅन, बँकेचा ए-२ फॉर्म, उद्देश ‘देणगी’. मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) सवलत नाही. मधल्या बँकाही शुल्क कापतात, म्हणून दरमहा थोडे थोडे न पाठवता वर्षातून एकदाच पाठवा आणि ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांनी तिथे नोंदलेल्या संस्थेला देताना गिफ्ट एडवर खूण करावी. पौंडामागे २५ पेन्स सरकार घालते.