खुराडं तयार होईपर्यंत पिल्लांचं काय?

पिल्लं आधी घरी येतात आणि खुराड्याचं काम रखडतं, हे मुंबईतल्या गोराई-मढच्या गावठाणांतही व्हायचंच. घाबरू नका, पाच-सहा आठवडे हाताशी असतात. अंगावर पूर्ण पिसं येईपर्यंत पिल्लांना तसंही बाहेर ठेवायचं नसतं.

तोवर मोठा खोका, तळाला भाताचं तूस आणि एका कोपऱ्यावर 60 वॉटचा पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, त्याला ऊब नसते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली दाटली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर उकडतंय. मुंबईच्या मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवा. पाण्याची थाळी उथळ हवी, खोल भांड्यात पिल्लं बुडतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पाच ते सात दिवसांत द्या.

खुराड्यात पैसे वाचवायचे असतील तर पत्र्यात वाचवा, जाळीत नको. षट्‌कोनी कोंबडीजाळी घूस कुरतडते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी तारजाळी, घ्या, फूटभर जमिनीत गाडा. जोतं मात्र पावसाच्या पाण्याच्या वर हवं.